व्याह्यांचा डावा हात

आमच्या व्याह्यांइतकं चुका कबूल करणारं माणूस दिघीपासून रेवसपर्यंत दुसरं सापडणार नाही. त्यांच्याइतक्या चुका करणारंही सापडणार नाही, पण ते पुढे येईल. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. ते खाडीपलीकडे आगरदांड्याला राहतात, आम्ही अलीकडे दिघीला. मधे पाणी आणि फेरीबोट. माणूस वीजखात्यात वायरमन होता. सगळा जन्म खांबावर चढण्यात गेला, त्यामुळे निवृत्त झाल्यावर जमिनीवर करायचं काय ते त्यांना सुचेना. बायको आधीच गेलेली. दुसरा कुणी देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसला असता. हे गृहस्थ सहासष्टाव्या वर्षी हौशी रेडिओचा परवाना काढायला निघाले. हौशी रेडिओ म्हणजे आपल्या घरात बसून, आपल्या यंत्रावरून, कुठल्याही टॉवरवाचून लांबच्या माणसांशी बोलायचं. त्याला सरकारची परीक्षा असते, आणि त्या परीक्षेच्या वरच्या पायरीला मोर्स लागतं. मोर्स म्हणजे ठोक्यांची लिपी. प्रत्येक इंग्रजी अक्षराला काही आखूड ठोके, काही लांब. आखूड तो डिट, लांब तो डा. एवढं समजलं की झालं. मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.

ह्या लिपीत खोडरबर नाही. पाठवताना चूक झाली तर आठ आखूड ठोके एकापाठोपाठ द्यायचे. त्याचा अर्थ, मागचं चुकलं, पुसा. मग शेवटचा जो शब्द बरोबर गेला असेल तिथून परत सुरू करायचं. आम्ही शाळेत ओल्या फडक्याने पाटी पुसायचो, तसंच. व्याह्यांना हा नियम इतका आवडला की त्यांनी तो सगळ्या जगण्यालाच लावून टाकला. दुकानात जाऊन म्हणायचे, "दोन किलो साखर," मग फळीवर बोटाने टकटकटकटक आठ वेळा, आणि मग, "दोन किलो गूळ." दुकानदाराला वाटायचं म्हातारा घाई करतोय, तो बिचारा साखर बांधून मोकळा व्हायचा. एकदा गणपतीत आरतीला टाळ त्यांच्या हातात होता आणि एक ओळ चुकली. त्यांनी टाळावर आठ ठोके दिले आणि मागच्या कडव्यापासून परत सुरुवात केली. टाळ त्यांच्याकडे, म्हणून अख्ख्या आळीला त्यांच्यामागे मागे जावं लागलं. नैवेद्य गार झाला. पण सगळ्यात मोठी गोष्ट आमच्या शेजारच्या आजोबांच्या वेळची. आजोबा नव्वदीचे, शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. ते गेले तेव्हा व्याही भेटायला आले, आजीसमोर बसले आणि तोंडातून निघून गेलं, "बरं झालं." व्याह्यांनी मान खाली घालून दाराच्या चौकटीवर आठ ठोके दिले आणि म्हणाले, "वाईट झालं." आधी आजीच हसली. म्हणाली, "पयलंच राहू द्या भाऊ."

आता ह्याच माणसाचं आमच्या घरातलं वागणं सांगते. मुलीचा बाप म्हणून त्यांनी जी रीत धरली ती चौदा वर्षं सोडली नाही. आमच्या खुर्चीत कधी टेकून बसले नाहीत. काठावर बसायचे, जणू खुर्ची आत्ता कुणीतरी परत मागणार आहे. नात होईपर्यंत आमच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. ही जुनी रीत आहे, त्याचं काही नाही. पण नात झाल्यावरसुद्धा पाणी मागताना असा चेहरा करायचे की जणू विहीरच मागतायत. रिकाम्या हाताने कधी आले नाहीत. हातात काही नसलं तर आमच्याच वाडीत पडलेला नारळ वाटेत उचलायचे आणि दारात "हे घ्या विहीणबाई" म्हणून मलाच द्यायचे. मीही "कशाला आणलंत?" म्हणून घ्यायची.

मी तोंडाची फटकळ आहे. सरपंचालाही तोंडावर सांगते, डॉक्टरलाही सांगते. पण व्याह्यांना कधी नाही. मुलाच्या आईने मुलीच्या बापाला एक शब्द टाकला की तो शब्द त्या घरात दहा वर्षं फिरतो, हे मी बघितलेलं आहे. म्हणून त्यांच्याशी बोलताना मी साखर घोळायची. मला ते जमत नाही, पण करायची.

त्यात आणखी एक होतं. मुलाच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा व्याही पत्रिकेचा मजकूर वाचून दाखवत होते. मी आतून म्हटलं, माझ्या सासऱ्यांचं नाव चुकलंय. त्यावर हे आपल्या भावाला हळूच म्हणाले, "विहीणबाईंना काय कळतं? चौथी शिकल्यात." हळूच म्हणाले, पण माझे कान चांगले आहेत. पत्रिका चुकीचं नाव घेऊन छापून आली. मी कुणाला काही बोलले नाही. मुलालाही नाही, पुढे सुनेलाही नाही. पण विसरलेही नाही. मी काही देवी नाही.

रेडिओचं मूळ वादळात आहे. मोठं वादळ झालं त्या वर्षी आमच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. वीज गेली, फोन मुके झाले, फेरी बंद पडली. घराची कौलं उडाली पण माणसं शाबूत होती. हे पलीकडे कळणार कसं? आगरदांड्याच्या धक्क्यावरून आमच्या वाडीतल्या माडांचे शेंडे मोजता येतात. लेक इकडे दिल्यापासून व्याही रोज ते मोजायचे, अकरा. वादळानंतर मोजले तर चार. त्या चार शेंड्यांखाली घर आहे की नाही ते दिसत नव्हतं. चार दिवस हा माणूस धक्क्यावर उभा होता, असं तिकडचे लोक सांगतात. पाचव्या दिवशी पहिल्या होडीने आले. लेकीला बघितलं, नातीला बघितलं, आणि कुणाला न विचारता माठातलं पाणी घेऊन घटाघटा प्यायले. आमच्या घरात न विचारता काही घेतलं ते तेवढं एकदाच.

त्यानंतर मुरुडला दोन माणसं असलं रेडिओचं यंत्र घेऊन आली होती, ती ह्यांनी पाहिली आणि रेडिओ डोक्यात शिरला तो निघाला नाही. मोबाइलला ते तेव्हापासून खुळखुळा म्हणतात. परवान्याची खालची पायरी मोर्सशिवाय मिळते. त्यावर तोंडाने बोलता येतं. ती व्याही आणि माझी सून, बाप-लेक दोघांनी एकाच दिवशी पार केली. आमच्या उरलेल्या चार माडांपैकी दोहोंच्या मधे व्याह्यांनी आमच्याकडच्या रेडिओसाठी तार ओढली. इतकी सरळ, इतकी छान तार बघून मी तिच्यावर लुगडं वाळत घातलं. संध्याकाळी व्याही हात जोडून दारात उभे. "विहीणबाई, आपली परवानगी असेल तर एक सांगतो. आपल्या लुगड्यातून कोचीनचा माणूस ऐकू येत नाही." मी लुगडं काढलं. तारेचा उपयोग मला तेव्हा पटला नव्हता.

पण व्याह्यांना खालच्या पायरीवर थांबायचं नव्हतं. "आवाज वादळात विरतो, विहीणबाई," ते म्हणायचे, "ठोका विरत नाही. नुसतं बारीक ऐकू आलं तरी कळतं. पुढच्या वेळी मला धक्क्यावर उभं राहायचं नाही." त्यासाठी पितळेची एक चावी ते डब्यात घालून फिरायचे. चावी म्हणतात, पण कुठलं कुलूप उघडत नाही. दांडा आहे, दाबला की जोडलेल्या लहान पेटीतून पीं वाजतं. परीक्षेत साहेबासमोर बसून पाच मिनिटं ती वाजवायची आणि साहेबाला अक्षरं लागली पाहिजेत. ऐकण्याच्या परीक्षेत ते एकदम पास झाले. आता पाठवायची तेवढी राहिली होती, आणि त्याला सराव म्हणून समोर ऐकणारं माणूस हवं होतं. मुलगा उरणला ट्रेलर चालवतो, पंधरवड्याने येतो. सून अंगणवाडीत जाते. व्याही आढ्याकडे बघत म्हणाले, "घरात दुसरं कुणी असतं तर..."

घरात दुसरं कोण होतं? मी.

"मला ए बी सी डी येत न्हाय," मी म्हटलं. "चौथी शिकलेय."

व्याह्यांचे कान लाल झाले. म्हणजे त्यांनाही आठवत होतं. मला बरं वाटलं.

सुनेने कॅलेंडरच्या पाठीमागे सव्वीस अक्षरं मोठी काढून दिली. डिट आणि डा माझ्या डोक्यात राहीनात, म्हणून मी माझी पद्धत काढली. आखूड-लांब तर आपल्या शब्दांतही असतंच. विळी म्हटलं की एक आखूड, एक लांब. तो झाला ए. वाल म्हटलं की लांब, आखूड, तो एन. सुपारी डब्ल्यू. करवली व्ही. वादळ डी, आणि वादळाला एक आखूड ठोका जास्त पडला की वावटळ, तो बी. भाकरी म्हणजे के. व्याही म्हणाले, नुसता के पाठवला तर त्याचा अर्थ 'माझं झालं, आता तुम्ही बोला'. मला हे फार पटलं. भाकरी वाढली की समोरच्याने बोलायचंच असतं. दोन महिन्यांत मी वाल निवडता निवडता त्यांचं पाठवलेलं लिहून काढू लागले. शब्दाचा अर्थ कळत नसे, अक्षरं कळत. सून म्हणायची, "आई, तुम्ही माझ्यापेक्षा पुढे गेलात." मी म्हटलं, "तुझं इंग्रजी मधे येतं. माझ्या मधे काय न्हाय."

तर असा आमचा सराव चालायचा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकराच्या फेरीने व्याही यायचे, पडवीत काठावर बसायचे, डब्यातून चावी काढायचे. ठोकून झालं की विचारायचे, "विहीणबाई, किती चुका?" मी वही पुढे करायची. वहीत त्यांची एकही चूक नसायची. व्याही खूश होऊन परत जायचे. असे पाच-सहा महिने गेले आणि ते मुंबईला परीक्षेला गेले. जाताना नवी टोपी घातली होती.

परत आले ते अलिबागहून पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन. माळ माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "नापास."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"साहेब म्हणाले, अक्षरं लागत नाहीत. मधे जास्तीचे ठोके पडतात." मग माझ्याकडे बघितलं. "पण विहीणबाई, तुमच्याकडे तर सगळं बरोबर यायचं. एकसुद्धा चूक नाही."

आता खरं सांगते. चुका होत्या. पहिल्या आठवड्यापासून होत्या. त्यांनी वादळ पाठवलं की वावटळ यायची. तीन ठोक्यांचे चार व्हायचे, चाराचे पाच. कारणही मला दिसत होतं. चहा दिला की त्यांच्या उजव्या हातात बशी वाजायची. मी काय करायची, जास्तीचा ठोका कानातच गाळायची आणि त्यांना जे पाठवायचं असेल ते वहीत लिहायची. मुलीच्या बापाच्या तोंडावर चूक कशी काढायची? आणि हात कापतो हे तर कसं सांगायचं? मला वाटायचं मी मान ठेवतेय. आयुष्यभर लोकांना नको तितकं खरं सांगितलं, आणि जिथे सांगायला हवं होतं तिथे गप्प बसले.

"चुका होत्या," मी म्हटलं. "मी लिहिल्या न्हायत."

"किती?"

"मोजल्या न्हायत. पुष्कळ."

"मग सांगितलं का नाही?"

"व्याही ना तुम्ही? कसं सांगू?"

त्यांनी डब्यातून चावी काढून समोर ठेवली. मग म्हणाले, "खरं सांगू? कधीकधी मी बरोबर पाठवायचो आणि तुम्ही चुकीचं लिहायच्यात. मीही गप्प बसायचो. मुलाची आई. कसं सांगणार?"

आतून सुनेचा आवाज आला, "म्हंजे दोघं मिळून सरकारला फसवायला निघाला होतात व्हय!"

मी म्हटलं, "व्याहीबुवा, उजवा हात कापतो तुमचा."

"माहीत आहे. डॉक्टर म्हणालेत, हे वाढत जाणार. वर्षभराने सहीसुद्धा जमेल की नाही सांगता येत नाही." त्यांनी चावी डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. "पुढची परीक्षा सहा महिन्यांनी आहे. तोवर हा हात आणखी जाईल. म्हणजे झालंच म्हणायचं. पुढचं वादळ आलं की आहेच धक्का."

मला रडणाऱ्या माणसांचं काही करता येत नाही. कामाला लावणं तेवढं येतं. मी वालाचं भांडं त्यांच्यासमोर आणून ठेवलं. भिजवून मोड आलेले वाल होते. त्याचं आमच्याकडे बिरडं करतात. दाणा बोटाच्या चिमटीत धरून दाबला की सालातून सुटतो. जोर जास्त झाला तर चिरडतो, कमी झाला तर सुटत नाही.

"डाव्या हाताने सोला," मी म्हटलं.

"डाव्या?"

"डावा कापतो?"

त्यांनी डावा हात समोर धरला. हात दगडासारखा स्थिर. सगळा जन्म उजव्याने काम केलेलं, डाव्याने नुसता खांब धरलेला. त्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने तासभर वाल सोलले. निम्मे चिरडले. बिरडं पिठल्यासारखं झालं. पण आम्ही ते खाल्लं, आणि व्याही पहिल्यांदा आमच्याकडे मांडी घालून, भिंतीला टेकून जेवले.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. सराव सुरू करताना व्याही आपली टोपी काढून खुंटीला अडकवणार. टोपी खुंटीवर आहे तोवर ते व्याही नाहीत आणि मी विहीण नाही. टोपी गेली रे गेली की माझं तोंड सुटायचं. "हे काय ठोकताय का पाट्यावर खोबरं वाटताय?" "डा लांब करा, लांब! गाडी सुटल्यासारखं काय करताय?" "ही भाकरी हाय? ही करपली. दुसरी थापा." तेही सोडायचे नाहीत. "कानात तेल घाला जरा! एन पाठवला, ए काय लिहिता? विळी आणि वाल कळत नाही, स्वयंपाक कसा करता?" रस्त्याने जाणारी माणसं थबकून बघायची. एक जण मुलाला उरणला फोन करून म्हणाला, तुझी आई आणि तुझे सासरे यांचं जबरदस्त वाजलंय, ये लवकर. मुलगा ट्रेलर सोडून आला तेव्हा व्याही टोपी घालून पडवीत उभे होते आणि म्हणत होते, "बराय विहीणबाई, येतो." आणि मी म्हणत होते, "या हं, सावकाश जा. उन्हाचं जपा."

चुकांचा हिशोब मी वालांनी ठेवायची. एक चूक की वाटीत एक कोरडा वाल. पहिल्या दिवशी वाटी शिगोशीग भरली. मी ते वाल भिजत घातले आणि तिसऱ्या दिवशी व्याह्यांना त्यांच्याच चुकांचं बिरडं वाढलं. त्यांनी ते दोनदा मागून घेतलं. हळूहळू वाटी कमी भरायला लागली. पावसाळा संपेपर्यंत निम्म्यावर आली, दिवाळीच्या सुमाराला तळाशी. सून कुरकुरायला लागली, "आई, ह्या वेळी बिरडं सगळ्यांना पुरत न्हाय." मी म्हटलं, "तुझ्या बापाला चुका करायला सांग."

परीक्षेला मी बरोबर गेले. त्यांनी नको म्हटलं, पण तेव्हा टोपी डोक्यावर होती, म्हणून जोराने म्हणता आलं नाही. पहिल्या फेरीने पलीकडे, तिथून एसटीने रेवस, रेवसहून लाँचने भाऊचा धक्का. लाँचमधे व्याही माझ्या शेजारी बसले. उजवा हात खिशात, डावा मांडीवर. मांडीवर सगळा वेळ ठोके चालले होते. मी पदराच्या गाठीत मूठभर वाल बांधून नेले होते.

कचेरीत मला आत सोडलं नाही. मी बाकावर बसले. दार अर्धं उघडं होतं. आतून साहेबाचा आवाज आला, "आजोबा, डावरे आहात का?" व्याही म्हणाले, "जन्माने नाही, साहेब. सहा महिन्यांचा आहे." मग पीं सुरू झालं.

मी डोळे मिटले. दोन मिनिटं सगळं स्वच्छ. विळी, वाल, सुपारी, एकापाठोपाठ एक, जणू माझ्याच पडवीत. मग एक ठोका चुकला. एक वाल उजव्या मुठीतून डाव्या मुठीत. थोड्या वेळाने दुसरा. मग एक अख्खा शब्द विस्कटला आणि आवाज थांबला. एकदम थांबला. बाहेरच्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मी तीन मोजले, चार मोजले. मला वाटलं, उठून आत जावं आणि ओरडावं, अहो, टोपी काढा! तेवढ्यात आठ ठोके आले. सावकाश, एकसारखे, मोजून आठ. मग शेवटच्या बरोबर शब्दापासून परत सुरुवात झाली, आणि विस्कटलेला शब्द सरळ होऊन आला. पुढे काही चुकलं नाही.

व्याही बाहेर आले ते घामाने भिजले होते. टोपी हातातच होती. त्यांनी नेहमीसारखंच विचारलं, "विहीणबाई, किती चुका?"

मी मूठ उघडली. "तीन. एक तुम्ही पुसलीत. दोन राहिल्या."

"चालतात तेवढ्या," ते म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून तिन्ही वाल उचलले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले. परत येताना लाँचवर त्यांनी दोन चहा घेतले, आणि माझा चहा त्यांच्या डाव्या हातातून माझ्या हातात आला तेव्हा एक थेंब सांडला नाही.

पुढे पास झाल्याचं पत्र आलं. नंतर परवानाही आला. त्याला सरकारी वेळ लागला, तो लागतोच. आता रोज संध्याकाळी सहाला खाडीपलीकडून ठोके येतात. ते इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द मोर्सने पाठवतात, मी ऐकून सुनेला सांगते, आणि सून माईकवर तोंडाने उत्तर देते, कारण बोलायचा परवाना तिच्याकडे आहे. मी नुसता कान. फार मोठं काही नसतं. वारा दक्षिणेचा. बांगडा महाग. नातीचा ताप उतरला का? शेवटी भाकरी, म्हणजे आता तुम्ही बोला. गेल्या पावसात एकदा तीन दिवस फोन गेले होते. तीन दिवस सहा वाजता ठोके आले. धक्क्यावर कुणी उभं नव्हतं.

परवाच्या शुक्रवारी सहा वाजले आणि सुरुवातीलाच आठ ठोके आले. मला कळेना. अजून काही पाठवलेलंच नाही, तर पुसायचं काय? वाटलं सवयीने पडले असतील. तर पुन्हा आठ, मोजून. मग करवली आली, आणि मागोमाग एक एक अक्षर करत शब्द झाला, विहीणबाईंना. मग थोडं थांबून दुसरा शब्द. कळतं.

विहीणबाईंना कळतं. मधला 'काय' तेवढा पुसला होता. चौदा वर्षांपूर्वीचा.

मग भाकरी आली आणि पलीकडे शांत झालं.

सून माईक हातात धरून बसली होती. तिला त्या पत्रिकेची गोष्ट ठाऊक नाही. "आई, काय म्हणाले बाबा? काय सांगू?"

खाडीवर ऊन उतरत आलं होतं. ऐकताना मला आणखी काही कळलं होतं. 'विहीणबाईं'तल्या एका अक्षरात आणि 'कळतं'मधल्या एका अक्षरात आखूड ठोका जास्त पडला होता. डाव्या हाताने आजवर असं कधी केलं नव्हतं, ती उजव्याची खोड. एके काळी मी तो गाळून टाकला असता.

"सांग, पोचलं म्हणावं," मी म्हटलं. "दोन ठोके जास्त पडले. उद्यापासून सरावाला या म्हणावं, टोपी खुंटीला. पण पोचलं."

सुनेने जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून एक भाकरी आली, नुसती. ती मात्र स्वच्छ होती.

मी उठून फळीवरची वाटी काढली. बरेच महिने ती रिकामीच होती. तिच्यात दोन वाल टाकले आणि वर झाकण ठेवलं. दोन वालांचं बिरडं होत नाही. बरेच दिवस होऊही नये.